नोटीस इंग्रजीत, बदनामी मराठीत

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मध्यवर्ती कार्यालय, शहीद भगतसिंग मार्ग,
मुंबई ४०० ००१

विषय : थकलेल्या व्यवसाय कर्जाच्या नोटिशीतले साठ दिवस

महोदय,

वर्तमानपत्रात बँकांच्या ताबा नोटिसा छापून येतात, त्यांत ‘निम्नस्वाक्षरीकार’ नावाचा एक इसम असतो. ‘ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार हे बँकेचे प्राधिकृत अधिकारी आहेत’ अशी सुरुवात होते आणि ‘त्याअर्थी’पर्यंत येईतो कुणाचा तरी कारखाना किंवा घर बँकेकडे गेलेलं असतं. तो निम्नस्वाक्षरीकार मी होतो. एका सरकारी बँकेच्या वसुली विभागात चीफ मॅनेजर म्हणून नोकरीची शेवटची नऊ वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हा माझा मुलूख. फाउंड्री, मशीन शॉप, यंत्रमाग, चादरीचे कारखाने, बेदाण्याची शीतगृहं, सगळ्यांच्या दारांवर माझ्या सहीचे कागद चिकटले. किती, याचा हिशेब ठेवला नाही. एक कागद मात्र डोक्यातून जात नाही. त्याच्यासाठी हे पत्र.

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप होतं. चार लेथ, एक जुनं व्हीएमसी यंत्र, आठ कामगार. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, म्हणजे निव्वळ जॉबवर्क. वरच्या कंपनीनं मॉडेल बदललं, काम थांबलं, आधीच्या बिलांचे पैसे अडकले. कॅश क्रेडिट खातं मर्यादेला जाऊन चिकटलं आणि तिथून हललंच नाही. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन मंडल अधिकारी, दोन पोलीस, पंच आणि मी असे एका सकाळी ताबा घ्यायला गेलो.

आतल्या वस्तूंची यादी करताना ऑफिसच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली माझीच साठ दिवसांची नोटीस होती. पाच पानांची, इंग्रजी. पहिल्या पानावरच्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या आणि वर बारीक अक्षरात अर्थ लिहिलेले. ‘डिफॉल्ट’वर ‘चूक’. ‘डिस्चार्ज’वर ‘सुटका’. ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’मधल्या ‘इंटरेस्ट’वर आधी ‘व्याज’, ते खोडून ‘आवड’, आणि पुढं प्रश्नचिन्ह. “पोरगी दहावीला होती तवा. डिक्शनरी घिऊन बसलीती,” मालक म्हणाला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अर्थ संपले होते. मालमत्ता कधीपर्यंत सोडवून घेता येते, हे वाक्य चौथ्या पानावर होतं. नोटिशीला लेखी उत्तर देता येतं, हे तर आमच्या नमुन्यात कुठंच नव्हतं.

मी तो कागद यादीत धरला नाही. परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दाराला सील लावलं.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, ज्या सरफेसी कायद्याखाली बँका असा ताबा घेतात, त्याच्या विरोधात मी नाही. सरफेसी यायच्या आधीची वसुली मी तरुणपणी पाहिली आहे. गहाणाचा दावा दिवाणी कोर्टात लावायचा आणि मूळ कर्जदार वारून त्याची मुलं वारस म्हणून रेकॉर्डवर येईपर्यंत तारखा घ्यायच्या. १९९३ च्या कायद्यानं कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, तीही लवकरच तुंबली. नरसिंहम समितीनं आणि पुढं महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता अंध्यारुजिना यांच्या समितीनं सांगितलं, की तारण विकण्यासाठी बँकेला कोर्टाची पायरी चढायला लागू नये. जून २००२ मध्ये अध्यादेश निघाला आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या हाती कोर्टाशिवाय कुलूप आलं. बँकेनं दिलेला पैसा पेन्शनवाल्याच्या मुदतठेवीतून आलेला असतो, तो परत यायलाच हवा. आणि हे फक्त मोठ्या बँकांपुरतं उरलेलं नाही. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि मे २०२० मध्ये सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, यावर शिक्कामोर्तब झालं. आज तालुक्याच्या गावची बँकसुद्धा हे हत्यार चालवते.

कायद्याची रीत आपल्याला सांगायला नको. पण पत्र खुलं आहे आणि ज्यांच्यावर हा कायदा चालतो त्यांच्याही वाचनात ते येईल, म्हणून लिहितो.

हप्ता किंवा व्याज नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. कॅश क्रेडिटला हप्ता नसतो, तिथं बाकी सलग नव्वद दिवस मर्यादेच्या वर राहिली किंवा व्याजाइतकाही भरणा आला नाही की तीच गत. त्याआधी धोक्याचा इशारा देणाऱ्या तीन पायऱ्या असतात : तीस दिवसांपर्यंत एसएमए शून्य, साठपर्यंत एक, नव्वदपर्यंत दोन. शाखेच्या पडद्यावर त्या रोज दिसतात. कर्जदाराला त्यांची नावं बहुधा खातं बुडाल्यावर कळतात.

मग कलम १३(२) ची नोटीस. साठ दिवसांत पैसे भरा, आणि तेही राहिलेले हप्ते नव्हेत, सगळंच्या सगळं कर्ज. कर्जदारानं लेखी हरकत घेतली तर बँकेनं तिचा विचार करायचा आणि ती मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणं कळवायची. साठ दिवस संपले की ताबा. पहिला ताबा बहुधा कागदी असतो. दारावर नोटीस डकवायची, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून आणायची. खरं कुलूप लावू द्यायला कोण तयार होतो? म्हणून मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्यांनी तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत आदेश द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निवडणूक, पूर आणि दुष्काळ यांच्या फायलींमागं आमची फाईल रांगेत उभी असायची.

शेवटी लिलाव. व्हॅल्युअरचा अहवाल, राखीव किंमत, विक्रीची तीस दिवसांची नोटीस, मग ऑनलाईन बोली. मालमत्ता विकली जाते ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर. या चार शब्दांना फार मोठी किंमत पडते. एमआयडीसीचा भूखंड पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. घेणाऱ्याच्या मागं हस्तांतराचं शुल्क लागतं, जुनी देणी लागतात, कधी विजेचं थकलेलं बिलही लागतं. तो शहाणा असतो, हे सगळं आधीच वजा करून बोली लावतो. तोवर बंद शेडमधल्या यंत्रांवर गंज चढलेला असतो. पहिल्या लिलावाला कुणी फिरकत नाही, दुसऱ्याला राखीव किंमत खाली येते, तिसऱ्याला आणखी खाली. चालू कारखाना आणि सील केलेला कारखाना यांच्या किमतीतला फरक मी नऊ वर्षं पाहिला. तो फरक ना कर्जदाराला मिळतो, ना बँकेला.

ताबा घेतल्यावर कर्जदाराला पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आमच्या भागासाठी ते पुण्यात आहे. तिथं हरला तर अपील मुंबईत, आणि अपील ऐकलं जाण्याआधी देण्यातली निम्मी रक्कम भरायची. अपील न्यायाधिकरणानं सवलत दिली तरी पंचवीस टक्क्यांखाली नाही. दिवाणी कोर्टाचं दार कलम ३४ नं बंद केलेलं. या सगळ्यात एक गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. नोटीस हाती पडल्यापासून ताब्याचं पाऊल पडेपर्यंत कर्जदाराला यांपैकी कुठंच जाता येत नाही. बँकेनं त्याची हरकत फेटाळली, कारणं कळवली, तरी तेवढ्यावर न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क मिळत नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं आहे. त्या साठ दिवसांत त्याचं ऐकून घेणारा सगळ्या देशात एकच माणूस असतो. तो म्हणजे निम्नस्वाक्षरीकार.

आणि निम्नस्वाक्षरीकार काय करायचा, ते कबूल करतो. आमच्याकडं उत्तराचा एक नमुना होता. ‘आपले म्हणणे काळजीपूर्वक विचारात घेतले असून ते मान्य करता येत नाही.’ नाव बदलायचं, तारीख बदलायची, खाते क्रमांक बदलायचा. मुदत पंधरा दिवसांची असायची, आम्ही तिसऱ्या दिवशी पाठवून मोकळे व्हायचो, आणि त्या तत्परतेचं विभागीय बैठकीत कौतुक व्हायचं.

ही उत्तराची तरतूद मूळ कायद्यात नव्हती. गुजरातच्या मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला, पण दोन गोष्टी ठणकावल्या. न्यायाधिकरणात येण्याआधी बँकेच्या मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. आणि बँकेनं कर्जदाराच्या हरकतींवर डोकं चालवलं पाहिजे, फेटाळण्याची कारणं सांगितली पाहिजेत, असं म्हटलं. त्यातून त्याच वर्षी १३(३अ) हे कलम जन्माला आलं. न्यायालयाला आमचं डोकं हवं होतं. आम्ही रबरी शिक्का दिला.

आता भाषेचं. अंमलबजावणीचे नियम सांगतात, की ताबा नोटीस दोन आघाडीच्या वर्तमानपत्रांत छापावी आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतलं असावं. हेतू चांगलाच आहे, त्या मालमत्तेशी दुसऱ्या कुणी अजाणता व्यवहार करू नये. परिणाम काय होतो तो बघा. घरी आलेलं पाकीट इंग्रजीत. ते कुणाला वाचून दाखवायची लाज वाटते, म्हणून ड्रॉवरमध्ये जातं. सीएकडं काम करणारा पोरगा सांगतो, ‘असल्या नोटिसा येतच असतात.’ दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी चहाच्या गाड्यावर, केशकर्तनालयात, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रकरण मराठीत उघडतं. नाव, पत्ता, जामीनदार, रक्कम, चतुःसीमा, सगळं. म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याच्याशी आम्ही इंग्रजीत बोललो आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्याशी मराठीत. नोटीस इंग्रजीत, बदनामी मराठीत. मुलीचं लग्न ठरत असलेला एक यंत्रमागवाला मला म्हणाला होता, “साहेब, पेपरात छापायच्या आधी मलाच मराठीत लिवलं असतं, तर छापायची पाळी आली नसती.” मी त्याला नियम वाचून दाखवला. तोही इंग्रजीतच होता.

गंमत अशी, की कर्ज देताना आपण ही काळजी घेतली आहे. आपल्याच बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. पैसे देताना भाषा त्याची, आणि कारखाना घेताना भाषा आमची?

न समजण्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती ‘शेवटची तारीख’ कोणती, या प्रश्नावर. आमच्याकडं लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे, की हातोडा पडेपर्यंत पैसे आणून टाकले की वस्तू सुटते. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी त्यात बरंच तथ्य होतं. त्या दुरुस्तीनं हा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधीपर्यंत आणून ठेवला. सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ पक्का केला. लिलावात बोली लागली होती १०५ कोटींवर. कर्जदार १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवायला तयार होता, उच्च न्यायालयानं त्याला तशी मुभाही दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सूचना प्रसिद्ध झाली, हक्क संपला. मालमत्ता बोली जिंकणाऱ्याची. लिलावावर विश्वास राहायचा तर हे बरोबर असेलही. पण शंभर कोटींच्या कर्जदाराला वकील असतो. त्या निकालानंतरच्या उन्हाळ्यात इचलकरंजीचा एक जण लिलावाच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर डिमांड ड्राफ्ट घेऊन उभा होता. बायकोचं सोनं, भावाच्या उसाचं बिल आणि एका प्लॉटचा विसार, असं सगळं गोळा करून आणलेलं. जाहिरात तीन आठवड्यांपूर्वी आली होती. ती मराठीत होती आणि त्यानं ती वाचलीही होती. तारीख लिलावाची आहे, एवढंच त्याला तीत कळलं.

मग खरंच दुसरा रस्ता नसतो का? असतो, आणि तो आपणच बांधलेला आहे. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयानं मे २०१५ मध्ये आजारी लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट अधिसूचित केली आणि मार्च २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती बँकांना लागू केली. पंचवीस कोटींपर्यंतचं कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या खात्यात ताण दिसला की एनपीए होण्याआधीच ते प्रकरण समितीपुढं न्यायचं. दहा लाखांपर्यंतचं शाखाधिकाऱ्यानंच पाहायचं. समितीत बँकेबाहेरचा एक जाणकार आणि राज्य सरकारचा प्रतिनिधीही असतो. तिनं बघायचं, की धंदा दुरुस्त होण्यासारखा आहे, कर्जाची फेररचना करायची, की वसुलीच करायची. कर्जदार स्वतःही अर्ज करू शकतो. माझ्या नऊ वर्षांत असे किती अर्ज माझ्या टेबलावर आले, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. कारण साधं आहे. अर्ज असतो, हेच कुणाला माहीत नव्हतं आणि सांगण्यात आमचा काही फायदा नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं म्हटलं, पण त्याच दमात हेही बजावलं, की उद्योजकानं वेळेवर जागं राहून कागदपत्रांसह हक्क सांगायला हवा. सगळी वसुली होऊ देऊन शेवटी ही ढाल काढता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये आणखी एका निकालात न्यायालयानं साठ दिवसांच्या नोटिशीला उत्तर देताना हा हक्क सांगण्याची वाट मोकळी ठेवली. तसं सांगितलं गेलं तर बँकेला ते तपासावं लागेल. म्हणजे फिरून गाडी त्याच साठ दिवसांवर आली. कायदा म्हणतो, जो जागा आहे त्याला वाचवू. आणि आम्ही त्याला उठवायचं तेवढं टाळतो.

मोठ्यांशी तुलना करायचा मोह टाळतो, पण एक आकडा लिहिल्याशिवाय राहवत नाही. संभाजीनगरजवळच्या चितेगावात ज्याचा कारखाना, त्या व्हिडिओकॉन समूहाचं प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली चाललं. जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य दाव्यांपोटी २,९६२ कोटी मिळणार होते. तिथल्या न्यायाधिकरणालाच म्हणावंसं वाटलं, की हे केस कापणं नव्हे, मुंडण आहे. पुढं अपिलात ती योजना रद्द झाली. माझा मुद्दा रकमेचा नाही. तिथं निराकरण व्यावसायिक, धनको समिती, बैठकीमागून बैठका, असा ऐकण्याचा सगळा सरंजाम होता. चार लेथवाल्यासाठी तो कुणी मांडावा असं मी म्हणत नाही. त्याला एक खुर्ची आणि अर्धा तास पुरतो.

माझे जुने सहकारी हे वाचून हसतील. म्हणतील, तू निवृत्त झालास म्हणून बोलतोस. कर्जदार काय कमी असतात का? त्यांचं खोटं नाही. नोटीस मिळताच मागच्या तारखेचा भाडेकरार करून मेहुण्याला भाडेकरू म्हणून बसवणारे मी पाहिले आहेत. रात्रीत यंत्रं हलवून रिकाम्या शेडच्या किल्ल्या हसत हातात ठेवणारेही पाहिले. अशांना साठ दिवस काय, साठ मिनिटंही देऊ नयेत. पण त्यांना नोटिशीची भाषा कधीच अडली नाही. इंग्रजी नोटीस लबाडाच्या वकिलाला नीट समजते. अडतो तो सरळ माणूस.

म्हणून मागणं तीनच गोष्टींचं. त्यांना संसदेत दुरुस्ती नको, एक परिपत्रक पुरेल.

पहिली, साठ दिवसांच्या नोटिशीसोबत कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या भाषेतलं एक पान जोडावं. निपाणीत कन्नड की मराठी, हे त्यालाच विचारावं. भाषांतरातल्या चुकीचा फायदा कोर्टात घेतला जाईल ही भीती खरी आहे. म्हणून मूळ नोटीस इंग्रजीच ग्राह्य, असं त्या पानावर छापावं.

दुसरी, लेखी उत्तर आलं तर त्या साठ दिवसांतच समोरासमोर एक भेट व्हावी, आणि ऐकणारा अधिकारी नोटिशीवर सही करणारा नसावा. मुदत एका दिवसानंही वाढवू नका. जो सही करतो त्याच्या डोळ्यांसमोर वसुलीचं उद्दिष्ट असतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

तिसरी, खातं एसएमएच्या पहिल्या पायरीवर आलं की पुनरुज्जीवनाचा कोरा अर्ज बँकेनं आपणहून पाठवावा, आणि एनपीए झाल्यावर नोटिशीसोबत पुन्हा जोडावा. न्यायालयानं जागं राहायला सांगितलं आहे. निदान दार तरी वाजवू या.

त्या मशीन शॉपचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. तिसऱ्या लिलावात ते गेलं. विक्रीतून कर्ज फिटलं नाही. उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्या आणि जामीनदाराच्या मागं अजून आहे. सील लावत होतो तेव्हा तो म्हणाला होता, पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं काम ठरत आलंय, तीन महिने मिळाले असते तर उभा राहिलो असतो. शाखेत सांगितलं होतंस का, मी विचारलं. सांगितलं होतं, तोंडी. लिहून कुणी घेतलं नव्हतं. सगळेच असं म्हणतात, म्हणून मी ते सोडून दिलं. निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. शेडला नवा रंग होता आणि दार उघडं. त्याच चार लेथवर पंपाच्या बॉडी चढल्या होत्या.

म्हणजे धंदा मेला नव्हता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर वाचायचा थांबला होता.

यंदाच्या पावसाळ्यात मी ती पाच पानी नोटीस मराठीत आणायला बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. कायद्याचं ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’ गाळल्यावर जे उरलं ते एका पानात मावलं. सोबत जोडलं आहे.

आपला,
निम्नस्वाक्षरीकार (निवृत्त)

सोबत : पान एक

(इंग्रजी नोटिशीसोबत द्यायचा नमुना. कायद्याने मूळ इंग्रजी नोटीस ग्राह्य.)

१. तुमचं खातं ........ या तारखेला एनपीए झालं आहे. बँकेचं येणं ........ रुपये. ही सगळी रक्कम ........ या तारखेच्या आत भरायची आहे. नोटीस मिळाल्यापासून साठ दिवस मोजले आहेत.

२. रक्कम भरली नाही, तर बँक या मालमत्तेचा ताबा घेऊ शकते : ........ . तोपर्यंत, नेहमीच्या धंद्यातला माल सोडून, ती बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकू नका, भाड्यानं देऊ नका.

३. रक्कम चुकली असेल, पैसे कुठून आणि कधी येणार हे सांगायचं असेल, किंवा दुसरी काही हरकत असेल, तर लेखी द्या. साधा कागद चालेल. मराठी चालेल. पोच घ्या. बँकेला म्हणणं मान्य नसेल, तर पंधरा दिवसांत कारणं कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे.

४. तुमचं ऐकून घेण्यासाठी ........ हे अधिकारी ........ या दिवशी भेटतील. ऑर्डर, थकलेली बिलं, जे असेल ते घेऊन या.

५. तुमचा उद्योग सूक्ष्म, लघु किंवा मध्यम असेल, तर उद्यम नोंदणीचा दाखला जोडून पुनरुज्जीवनासाठी अर्ज करा. कोरा अर्ज सोबत आहे. तो आताच करा. नंतर ऐकला जाईलच असं नाही.

६. बँकेनं ताब्याचं पाऊल उचललं, तर त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत ........ येथील कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

७. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधी सगळी रक्कम खर्चासह भरली, तर मालमत्ता सुटते. सूचना प्रसिद्ध झाल्यावर हा हक्क राहत नाही. लिलावाच्या दिवसाची वाट पाहू नका.

८. हे पान समजलं नाही, तर ........ या क्रमांकावर फोन करा. फोन उचलणारा मराठीत बोलेल.